बेवड : नीरा-भीमेच्या दरम्यानच्या एका शब्दाचा इतिहास

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत 'बेवड' असा एक शब्द आहे. आदल्या हंगामात शेतात कोणते पीक होते आणि त्याचा पुढच्या पिकावर काय परिणाम होतो, हे सांगण्यासाठी तो योजतात. 'हरभऱ्याचा बेवड ज्वारीला चांगला', 'तागाच्या बेवडावर ऊस जोमाने येतो' अशी वाक्ये बारामती-इंदापूर परिसरात आजही सहज कानांवर येतात. शब्द एवढासाच, परंतु त्यात एक पूर्ण सिद्धान्त सामावलेला आहे. जमीन आपल्यावर काय उगवले होते ते विसरत नाही. काही पिके तिच्याकडून घेऊन जातात, काही तिच्यापाशी ठेवून जातात. आणि आज पेरणाऱ्याने काल पेरलेल्याचा हिशेब ठेवला पाहिजे, असा तो सिद्धान्त होय.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. शेतीशास्त्र हा आमचा प्रांत नाही. तरीही भाषेच्या अभ्यासकाने ज्यांच्याकडे वळून पाहावे अशा शब्दांपैकी हा एक आहे, असे आम्हांस वाटते. कारण त्याचा इतिहास शब्दकोशात न सापडता महसुलाच्या दप्तरात, कालव्याच्या पाण्यात आणि मेंढरांच्या वाटेवर सापडतो. युरोपातील विज्ञानाने या शब्दामागचे कारण ज्या वर्षांत शोधून काढले, त्याच वर्षांत नीरेच्या खोऱ्यात अशी एक शेती रुजू लागली की तिला या शब्दाची गरज पुढे कमी-कमी होत गेली. हा योगायोग कसा घडला आणि त्यातून आपण काय गमावले, काय मिळवले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ थोडा दुरून करू. द्विदल पिकांनंतर धान्य चांगले येते हे ज्ञान कोणा एका देशाचे नाही. रोमन कवी व्हर्जिल याने 'जॉर्जिक्स' या काव्याच्या पहिल्याच भागात शेंगांच्या पिकानंतर त्या जमिनीत धान्य पेरावे असा सल्ला दिला आहे. पुढे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात चार वर्षांचा फेरा रूढ झाला : गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे तिपानी पानांची, आपल्या मेथीघासाच्या नात्यातली वैरण. ती मेंढ्यांनी चरायची, मेंढ्यांनी त्याच शेतात बसायचे आणि पुढच्या वर्षी तेथे गहू यायचा. इंग्लंडच्या शेतीतील सुबत्तेचे बरेचसे श्रेय आर्थिक इतिहासकार या तिपानी वैरणीला देतात. चांगल्या कुरणात ती वर्षाला हेक्टरी १०० ते २०० किलो नत्र हवेतून जमिनीत आणू शकते.

मात्र हे का घडते, याचे उत्तर सापडण्यास फार वेळ लागला. हवेचा ७८ टक्के भाग नत्राचा असतो. परंतु या वायूचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट बिलगलेले असतात की वनस्पतीला त्यांचा उपयोग करता येत नाही. १८३८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो याने क्लोव्हरमधील नत्र कोठून तरी वाढते हे दाखवून दिले. पुढे १८५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉदम्स्टेड येथील संशोधकांनी हा प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. मातीत बाहेरचे काही राहू नये म्हणून त्यांनी ती भट्टीत भाजून घेतली. आणि निष्कर्ष काढला की वनस्पती हवेतील नत्र घेत नाही. भाजल्यामुळे मातीतील सूक्ष्म जीवच नाहीसे झाले होते. जे मोजायचे होते तेच मोजमापाच्या तयारीत मारले गेले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे एक भावंड आपल्याला पुढे इंदापुरात भेटणार आहे.

अखेर १८८६ साली हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी बर्लिन येथे जाहीर केले की शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हे काम करतात. दोन वर्षांनी डच शास्त्रज्ञ बायेरिंक याने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. झाड या जिवाणूंना राहण्यास गाठ देते आणि खाण्यास साखर देते. जिवाणू त्याच्या बदल्यात नत्र देतात. कामात असलेली गाठ नखाने फोडून पाहिली तर आत गुलाबी-तांबूस दिसते. आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्या जवळचे एक द्रव्य तेथे प्राणवायूला काबूत ठेवत असते. 'बेवड' या शब्दात जे फळ सांगितलेले होते त्याचे मूळ अशा रीतीने हाती आले.

आता बारामती-इंदापूरकडे येऊ. साहित्याच्या विद्यार्थ्याला बारामती माहीत असते ती कऱ्हेकाठच्या मोरोपंतांमुळे. परंतु या भागाची जुनी कीर्ती आणखी एका गोष्टीसाठी होती. ती म्हणजे भीमथडीची तट्टे. मराठ्यांच्या घोडदळाला चपळ घोडी पुरवणारा हा मुलूख. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पावसावर जगणारा. नदीकाठी काळी जमीन आणि वर चढत गेले की मुरमाड, बरड माळ. त्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते येतात आणि त्यांच्या आधाराने शेवरा, बरबडा, रानमूग अशा जमिनीलगतच्या शेंगवर्गीय वनस्पती वाढतात. वर बाभूळ आणि हिवर. विलायती क्लोव्हरला हा उन्हाळा सोसत नाही. त्याचे काम येथे ही मंडळी, अर्थात पावसाच्या मानाने पुष्कळ थोड्या प्रमाणात, करीत आली आहेत. प्रत्येक शेंगेला हे साधते असे मात्र नाही. या माळांवर सर्वत्र दिसणारा, पिवळ्या फुलांचा तरवड शेंगांचाच. परंतु त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

माळावर साठलेले नत्र शेतापर्यंत नेण्याचे वाहन म्हणजे धनगराची मेंढी. मेंढी जे नत्र खाते त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग लेंडी आणि मूत्रावाटे बाहेर टाकते. दिवसा माळावर चरलेला कळप रात्री शेतात बसवायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्याने धनगराला धान्य अगर पैसा द्यायचा, हा व्यवहार दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. बारामती, इंदापूर आणि नीरेपलीकडच्या फलटण भागातील वाडे दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे निघतात, काही कोकणापर्यंत उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. गुंथर सोनथायमर यांनी बिरोबा, खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांचा जो अभ्यास केला, त्यातील देव याच वाटांवरचे देव आहेत. लोकदैवतांच्या या भूगोलाखाली खताचाही एक भूगोल होता, एवढे त्या अभ्यासाला जोडून म्हणता येईल.

शेतातही शेंग होतीच. बाजरी पेरताना पाभरीचे एखादे नळके बंद ठेवून त्या मोकळ्या ओळीत मागून मोघणाने तूर सोडावयाची. बाजरीच्या बियाण्यात मटकी, हुलगा मिसळावयाचा. काळ्या रानात शाळूच्या आधी अगर आलटून-पालटून हरभरा करावयाचा. बाजरी गेली तरी तूर हाती लागेल हा त्यातला पहिला हिशेब. बेवड हा दुसरा. तुरीचा पाला गळून रानातच राहतो, भुस्कट गुराच्या पोटात जाते. नॉरफोकचा फेरा आणि हा फेरा यांचे घटक तेच होते : शेंग, मेंढी आणि धान्य.

ही व्यवस्था कागदावर कशी उतरली, हे पाहण्यासारखे आहे. पेशवाईनंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० साली रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताच्या आधारे पुणे जिल्ह्यात आकारणी बसवली. ती चढी ठरली आणि इंदापूर भागात जमिनी ओस पडू लागल्या. म्हणून १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी केली. मुंबई इलाख्याची पुढची सगळी महसूल-पद्धत ज्या पायावर उभी राहिली तो पाया याच इंदापूर तालुक्यात घातला गेला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून तिच्या प्रती ठरवण्यात आल्या, आण्यांत तिची किंमत बांधण्यात आली आणि ३० वर्षांसाठी सारा कायम झाला.

या पद्धतीत एक उदारपणा होता. रयतेने स्वतःच्या कष्टाने जमीन सुधारली तर त्या सुधारणेवर सारा वाढवायचा नाही, असे तिचे तत्त्व होते. परंतु त्याच तत्त्वामुळे जमिनीची व्याख्याही बदलली. गेल्या वर्षी या रानात हरभरा होता की ज्वारी, येथे मेंढरे बसली की नाही, शेजारचा माळ कोणाला चरायला मोकळा आहे, हे प्रश्न पाहणीच्या वहीत आले नाहीत. जमीन म्हणजे अमुक खोलीची, अमुक रंगाची माती. रॉदम्स्टेडच्या भाजलेल्या मातीचे हे भावंड. तेथे माती जिवाणूंपासून वेगळी काढली गेली, येथे शेत माळापासून. माळ 'पडीक' या सदरात गेला आणि त्यावरचे गवत लिलावाची वस्तू झाले.

याची झळ सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत महात्मा फुले होते. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा या भागाने दोन मोठे आघात नुकतेच सोसले होते. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि त्यामागोमाग १८७६-७८ चा दुष्काळ आला. फुल्यांनी सारा, सावकारी आणि भटशाही यांच्या जोडीला जंगलखात्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. डोंगर आणि गायराने सरकारने घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. ताली-बंधारे घालून पाण्याबरोबर वाहून येणारा कुजका पालापाचोळा शेतात मुरवावा, अशी सूचनाही त्यांनी केली. 'असूड' आपण बहुधा सामाजिक ग्रंथ म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे; परंतु जमिनीच्या सुपीकतेचा सामाजिक विचार करणारे मराठीतील एक आद्य पुस्तक म्हणूनही ते शिकवता येईल.

त्याच दुष्काळात, १८७६ पासून, दुष्काळी काम म्हणून नीरा डावा कालवा खोदला जाऊ लागला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी सुटले. भाटघरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले आणि सुमारे १६० किलोमीटर लांबीचा हा पाट बारामतीतून इंदापूरपर्यंत खेळू लागला. बर्लिनमध्ये हेलरीगेल गाठींचे रहस्य सांगत होता, तेव्हा नीरेकाठी पहिले पाटपाणी रानात फिरत होते.

हे पाणी नसते तर काय झाले असते, याची कल्पना करण्यासाठी १८७६ सालच पुरेसे आहे. म्हणून कालव्याला दोष देण्याचा हेतू येथे नाही. पाण्याने उसाला वाट करून दिली; सासवडकडचे कसबी माळी बागाईतदार खाली उतरले, खंडाने जमिनी घेऊन गूळ करू लागले. आरंभीचा हा ऊस बेवडाला सोडून नव्हता. लागणीपूर्वी ताग गाडीत, मेंढ्या बसवीत, शेणखत आणि पेंड घालीत. भुईमुगाची पेंड हेदेखील शेंगेनेच कमावलेले नत्र. परंतु उसाची भूक मोठी आणि तो रानात वर्ष-दीड वर्ष ठाण मांडून बसणारा. तागासाठी रान दोन महिने अडकवून ठेवणे हळूहळू परवडेनासे झाले.

पाण्याचा अतिरेकही झाला. निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षार वर आले. हॅरल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे पाणी येऊन २५ वर्षे होतात तोच हा प्रश्न अभ्यासाचा विषय झाला होता. त्याआधीच विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत सुचवली होती. पाणी एकाच ठिकाणी न मुरवता निरनिराळ्या गावांत विभागून द्यावे आणि गटातील काही भागातच ऊस घेऊन बाकीच्यात इतर पिके फिरती ठेवावीत, असा तिचा आशय. अभियंत्याने पाण्याच्या बाजूने मांडलेला हा फेरपालटच होता. खारवट आणि चोपण जमिनीत मुळांवरील जिवाणूंचेही चालत नाही. त्यामुळे बेवडाची जेथे सर्वाधिक गरज तेथेच तो लागू पडेनासा झाला.

शेवटचा बदल पोत्यातून आला. हवेतील नत्र कारखान्यात पकडण्याची कृती फ्रिट्झ हाबर याने १९०९ मध्ये सिद्ध केली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. गाठीतला जिवाणू साध्या मातीच्या तापमानात जे करतो, त्यासाठी येथे ४०० अंशांहून अधिक उष्णता आणि हवेच्या सुमारे २०० पट दाब लागतो. भारतात १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना उत्पादन करू लागला. इकडे इंदापूर तालुक्यात १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले होते; स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने आले. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, तर तुरीला अवघी २५ किलो. तुरीला द्यावयाचे ते बी उगवून मुळांवर गाठी धरेपर्यंतची शिदोरी म्हणून. दोन शेती-व्यवस्थांमधील अंतर या दोन आकड्यांत मावते. शेंगेचे झाड आपली साखर जागच्या जागी जिवाणूला देऊन नत्र विकत घेते. ऊस आपली साखर कारखान्याकडे पाठवतो आणि त्याच्या पैशांतून नत्राचे पोते येते. पहिला सौदा मुळापाशी मिटतो. दुसऱ्यात बँक, सोसायटी, रेल्वे, आयात होणारा वायू आणि सरकारी अनुदान एवढे सगळे मध्यस्थ लागतात. शिवाय पोत्यातले नत्र भरपूर मिळू लागले की शेंगेचे झाड गाठी धरण्याचे काम कमी करते, हेही शास्त्राने दाखवले आहे.

मराठी साहित्याने हा बदल टिपला का? अंशतः. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) मध्ये फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु महसुली अधिकाऱ्याच्या स्थिर नजरेला फिरता माणूस प्रामुख्याने गावावरचा भार वाटतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) शेजारच्या माणदेशातील धनगरवस्ती आतून दिसते आणि दुष्काळात मेंढरांबरोबर ती कशी उठून जाते हेही दिसते. दोन्ही पुस्तके एकत्र शिकवली तर एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल : ज्याला गाव उपरा म्हणतो, त्याच्या कळपाने गावाचे रान पोसलेले असते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे सोपे आहे. तिने दुष्काळ थांबवले नाहीत. बेवड नत्र देतो, पाणी देत नाही, स्फुरदही देत नाही. त्याखेरीज तिच्यात एक अन्यायही होता, जो सहसा सांगितला जात नाही. मेंढी माळावर चरते आणि शेतात बसते, म्हणजे सर्वांच्या माळाची सुपीकता रोज संध्याकाळी कोणा एकाच्या रानात जाते. माळावरच्या शेंगवर्गीय वनस्पती ही तूट थोडीफार भरून काढीत. पण चराई वाढली, माळ आकसला, की मेंढी पहिल्यांदा चवदार शेवराच खुडते आणि तूट उघडी पडते. माळाला परत काही द्यावे, असे सांगणारा शब्द आमच्या माहितीच्या बोलीत नाही. 'बेवड' हा शब्द शेतापुरता आहे, ही त्याची मर्यादा.

गेल्या काही दशकांत ही उणीव भरून काढण्याचे काही प्रयत्न झाले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने सुबाभूळ आणि स्टायलो या शेंगवर्गीय वैरणींचा प्रसार केला; स्टायलो तर गवताळ माळासाठीच. १९९७ मध्ये सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. ते ५ चौरस किलोमीटरच्या आसपास, चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे. पडीक म्हणून नोंदलेल्या माळाला स्वतःचे जीवन असते, याची ती एक सरकारी कबुलीच. २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली, तीही मुरमाड, खडकाळ माळावरच. आणि बिघडलेली रानेच आता बेवडाला परत बोलावीत आहेत. क्षार आणि साचलेले पाणी सोसणारा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडण्याचा सल्ला चोपण जमिनीसाठी सर्रास दिला जातो. गाडलेला ताग हेक्टरी ६० ते ९० किलो नत्र देतो, असे विस्तार-पुस्तिका सांगतात. जिवाणू-संवर्धकाची २५० ग्रॅमची पाकिटे मिळतात. पेरणीपूर्वी बियाण्याला ते चोळायचे असते आणि चिकटावे म्हणून गुळाचे पाणी वापरायचे असते. नीरेकाठच्या गुळाला एवढे लहान आणि एवढे योग्य काम क्वचितच मिळाले असेल.

शब्द टिकतो तो त्याच्यामागचा व्यवहार टिकला तर. आमच्या वर्गांत याच तालुक्यांतून येणाऱ्या मुलांना 'बेवड' शब्द ठाऊक असतो, परंतु 'मोघण' बहुतेकांना ठाऊक नसते. मेंढरे बसवणे त्यांनी पाहिलेले असते, पण त्याबद्दल धान्य देतात हे ऐकून त्यांना नवल वाटते. ग्रामीण साहित्य शिकवताना अशा शब्दांना आपण तळटीपेत अर्थ देऊन पुढे जातो. तेवढ्याने भागत नाही, असे आम्हांस वाटते. अमुक शब्द कोणत्या जमिनीवर, कोणत्या देवाणघेवाणीतून आला आणि ती देवाणघेवाण कोणी मोडली, हेही वर्गात सांगितले पाहिजे. इंदापूरच्या मुलाला ते विशेष सांगितले पाहिजे. ज्या पाहणीने त्याच्या गावच्या मातीची प्रत ठरवली, तिला न दिसलेली गोष्ट त्याच्या आजोबांच्या बोलीत नोंदलेली होती.